ज्यांनी हे घेतलं

कारखान्यात तिला सगळे सुईण म्हणत. बाळंतपणाशी तिचा संबंध एवढाच, की तिच्या हातून रोज एखाद-दुसरा सोफा जन्माला यायचा. लाकडी सांगाड्यावर पट्टे ताणले, स्प्रिंगा बसल्या, फोम चढला, की पाठीची बटणं ओढायचं काम तिचं. मुकादम लांबूनच हाक मारायचा, "सुईणबाई, कळा सुरू झाल्या, चला," आणि बायका मान खाली घालून हसायच्या. तिलाही हसू यायचं. घरी नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा बाहेर मिळालेलं हे नाव तिनं आपलं म्हणून ठेवून घेतलं.

अंगानं ती काडी होती, पण मनगटं लोहाराची. हातभर लांब सुई फोमच्या आरपार घालायची, पलीकडे दोरा धरायचा, पाठीला गुडघा लावायचा आणि बटण खोल रुतेपर्यंत ओढायचं. ढिलं राहिलं तर गिऱ्हाईक वर्षभरात परत येतं. तिचं बटण कधी परत आलं नव्हतं.

कधी तिच्या गालावर निळं असायचं, कधी दंडावर बोटांचे ठसे. मुकादम विचारायचा, काय झालं, आणि ती म्हणायची, पडले. त्या घरात हा शब्द सासूनं आणला होता. शेजारणी आवाज ऐकून दाराशी आल्या की सासू म्हणायची, आमच्या सुनेचं चालताना खाली लक्ष नसतं. सासू तरुणपणी स्वतःही बरीच पडली होती. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा अजून खाली होता आणि सून भिंतीवर आदळली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधून द्यायची. पुरचुंडी ओट्यावर ठेवून निघून जायची.

नवरा जाहिरातींचे मोठाले पडदे बसवायचा. आधी तो कापडी बोर्ड ताणून बांधायचा. मग बोर्ड गेले आणि उजेडाचे पडदे आले. त्याच्या कंपनीनं त्याला शिकवून घेतलं. उंचावर चढताना कमरेला बांधायचा जाड पट्टा तो घरी आणायचा आणि दारामागच्या खुंटीला अडकवायचा. पट्ट्याला लोखंडी कडं होतं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं त्यानं हातानं मारलं. तिसऱ्या वर्षी त्याला पट्टा दिसला.

मारायला कारण लागायचं असं नाही, पण तो शोधायचा. कारणाशिवाय हात उचलणारे वेगळे, आपण त्यातले नाही, असं त्याचं म्हणणं असायचं. पट्टा पाठीवर पडला की आधी आवाज यायचा, मग आग. कडं लागलं तर श्वासच बंद व्हायचा. ती ओरडायची नाही. ओरडलं की त्याला वाटायचं, आपल्याला शेजाऱ्यांसमोर उघडं पाडते, आणि मग एकाचे दोन व्हायचे.

घरात वस्तू मागवायचं खातं एकच होतं, नवऱ्याच्या नावाचं. त्याचा फोन, तिचा फोन आणि भिंतीएवढा टीव्ही, तिन्हीकडे तेच. तिनं पहिल्यांदा त्यावरून मुका मार उतरायचं मलम मागवलं, कारण औषधाच्या दुकानात विचारतात. यंत्र विचारत नाही. काही आठवड्यांनी कपडे धुवायच्या पावडरीशेजारी तेच मलम दिसू लागलं आणि खाली लिहिलेलं, पुन्हा मागवायची वेळ झाली का? ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. तिच्या आईला माहीत नव्हतं, बहिणीला माहीत नव्हतं. यंत्रानं मात्र तिची पाठ पावडरीच्या हिशोबानं मोजून ठेवली होती.

नवऱ्यानंही ते टीव्हीवर पाहिलं. दर महिन्याला आपोआप मागवलं तर स्वस्त पडेल, असं तिथे लिहिलं होतं. त्यानं रिमोट उचलला आणि होकार दाबून टाकला. बरं झालं, दरवेळी लक्षात ठेवायला नको, असं तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं तिला हातसुद्धा लावला नाही, आणि तरी आजवरच्या सगळ्या मारांत तिला तोच जास्त लागला.

यंत्रावर त्याचा फार विश्वास. जेवताना तो सांगायचा, पुढे बोर्ड एकच चित्र सगळ्यांना दाखवणार नाही, समोर कोण उभं आहे ते पाहून बदलेल. म्हातारा आला की गुडघ्याचं तेल, पोरगी आली की चपला. माणसाला काय हवं ते माणसाच्या आधी यंत्राला कळेल, मग दुकानदारानं घसा कोरडा करायची गरजच उरणार नाही. सासू म्हणाली, मग मला काय दाखवेल रे? तो म्हणाला, तुला काय, लाकडं. स्वतःच्या विनोदावर तोच हसला.

एका रविवारी तो सुईणीला चौकात घेऊन गेला, आपण बसवलेला नवा पडदा दाखवायला. पडद्याच्या वरच्या कडेला डोळ्याएवढं भिंग होतं. तो समोर उभा राहिला तेव्हा दाढीचं यंत्र आलं. मग त्यानं तिला पुढे ढकललं. आदल्या दिवशीचा डोळा तिनं रंगाच्या थराखाली झाकला होता, आणि तो तिला वाटत होतं तितका झाकला गेला नव्हता. पडदा क्षणभर थांबला. मग त्यावर एक हसरी बाई काळा चष्मा घालून आली, आणि चष्म्याखाली अक्षरं, थकलेल्या डोळ्यांना आराम. रस्त्यानं जाणारे दोघेतिघे थबकले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि चालू लागले. नवरा खूश होता. "बघ, ओळखलं तुला," तो म्हणाला.

शर्टाची गोष्ट त्यानंतरची. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा टीव्ही चालू होता आणि 'तुमच्यासाठी खास'च्या पट्टीत एक निळा शर्ट होता. पुरुषाचा, अंगाबरोबर बसणारा, छातीला अरुंद. नवरा पलंगावर बसला होता. त्याच्या अंगात त्या शर्टाची एक बाहीसुद्धा शिरली नसती.

त्यानं शांतपणे विचारलं, "कुणाच्या मापाचा आहे हा?"

तिला खरंच ठाऊक नव्हतं. ती तसं म्हणाली. तो म्हणाला, माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही. त्यानं काहीतरी पाहिलंय म्हणूनच दाखवलंय. मग त्यानं तिचा डावा हात धरून टेबलावर सपाट ठेवला, जसं मोजायला कापड अंथरतात. त्यानं पहिलं बोट मागे वाकवलं आणि पुन्हा विचारलं. ती नाही म्हणाली. मधलं बोट धरलं. ते बारीक काडी मोडावी तशा आवाजानं मोडलं, आणि तो आवाज इतका लहान होता की तिला आधी वाटलं, टीव्हीवर काहीतरी वाजलं. मग खांद्यापर्यंत कळ चढली आणि ती टेबलाखाली ओकली. सासू स्वयंपाकघरात भांडी आवरत राहिली. नळ तिनं मोठा सोडला.

पुढच्या आठवड्यात उलगडा झाला. मुकादमाचा मुलगा नोकरीच्या मुलाखतीला जाणार होता आणि मुकादम आठवडाभर कारखान्यात बसून फोनवर त्याच्यासाठी शर्ट शोधत होता. कारखान्यात सगळ्यांचे फोन एकाच इंटरनेटवर चालायचे. यंत्रानं दोन फोन शेजारी शेजारी पाहिले आणि ठरवलं, याला आवडतं ते हिलाही आवडेल. एवढ्यावर तिचं बोट गेलं. मुकादमाला तिनं सांगितलं नाही. तो बिचारा सगळ्यांना शर्टाचा फोटो दाखवत फिरत होता.

मोडक्या बोटाला बांधायची पट्टी तिनं मागवायला घेतली. दुपारची सुट्टी होती. ती फोमच्या ढिगाऱ्यावर बसली होती, शेजारी फोम कापणारी मावशी डबा उघडून बसलेली. मावशी तिची कुणी लागत नव्हती. वयानं सगळ्यांची मावशी. नवरा केव्हाच वारला होता आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर ती म्हणायची, वारला ते बरं, नाहीतर मला वारावं लागलं असतं.

पट्टीच्या चित्राखाली एक ओळ होती. ती ओळ सुईणीनं शंभरदा पाहिली असेल, वाचली नव्हती. ज्यांनी हे घेतलं, त्यांनी हेही घेतलं. आणि पुढे वस्तूंची रांग. मुका मार उतरायचं मलम, तेच, त्याच कंपनीचं. चेहऱ्याचा डाग झाकायचा रंग. काळा चष्मा. पूर्ण बाह्यांचे, गळाबंद कपडे. मग दाराला आतून लावायची कडी. मग चाकांची, मांडीवर मावेल एवढी बॅग.

तिनं रांग पुन्हा सुरुवातीपासून वाचली. चष्म्यापर्यंतचं सगळं तिच्या कपाटात होतं. कडी आणि बॅग नव्हती.

ज्यांनी. म्हणजे कुणीतरी होत्या. एक नव्हे, पुष्कळ. यंत्राला रांग लावता यावी इतक्या. त्यांनीही आधी मलम घेतलं होतं, मग रंग, मग चष्मा. उन्हाळ्यात गळाबंद कपडे घालून त्या कुठल्या कुठल्या कामांवर गेल्या होत्या आणि पडले म्हणाल्या होत्या. मग केव्हातरी त्यांनी बॅग घेतली होती. आजवर सुईणीला वाटत होतं, आपलं घर म्हणजे जगाच्या पाठीवरची एकच बंद खोली. आता एकाएकी भिंतीपलीकडून खूप पावलं ऐकू यावीत तसं तिला झालं. निघून जाता येतं, हा विचार त्या क्षणापर्यंत तिच्या डोक्यात कधी पुरता आलाच नव्हता.

तिनं फोन मावशीपुढे धरला. मावशीला बारीक अक्षरं दिसत नव्हती, म्हणून तिनं वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता बोटाचं, शर्टाचं, पट्ट्याचं सगळं सांगितलं. मावशी जेवायची थांबली. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"त्या बायका पुढे कुठे गेल्या, ते सांगतं का तुझं यंत्र?" तिनं विचारलं.

"नाही. बॅगेपाशी संपतं."

"मग पुढचं मी सांगते. माझ्याकडे एक पलंग रिकामा आहे. आणि तो मागवायला लागत नाही."

सुईण हसली आणि हसताना बोट दुखलं. त्या दुपारी तिनं काहीच ठरवलं नाही. फक्त घरी जाताना रस्त्यात ती बॅगेचं चित्र पाहत राहिली. मोठं केलं, आतले कप्पे पाहिले, चाकं पाहिली. यात काय काय बसेल, याचा मनातल्या मनात अंदाज घेतला. घेतली नाही. नुसतं पाहायला काय जातं, असं तिला वाटलं. घेण्याइतकंच बघणंही यंत्र टिपून ठेवतं, हे रोज पडद्यांच्या गोष्टी ऐकूनही तिच्या ध्यानात आलं नाही. दुकानात निदान बघणाऱ्याला दुकानदार कंटाळून सोडून तरी देतो.

दोन दिवसांनी नवरा लवकर घरी आला. चौकातली वीज गेली होती, काम थांबलं होतं. सुईण दारात आली तेव्हा टीव्हीवर तीच बॅग होती, भिंतीएवढी, कप्पे उघडलेली. शेजारी कडी. वर अक्षरं, तुम्ही पाहत होता ते अजून शिल्लक आहे.

"कुठे चाललीस?" नवऱ्यानं विचारलं. पट्टा त्याच्या हातात आधीच होता.

ती म्हणाली, मी मागवलं नाही, यंत्रानं आपणहून दाखवलंय. हे खोटंही नव्हतं. त्यानं विचारलं, मग कडी कशाला, मला बाहेर ठेवायला? आणि उत्तराची वाट न पाहता पट्टा फिरवला. पहिला घाव मानेवर बसला. दुसऱ्याचं कडं कानावर लागलं आणि एका बाजूचं जग बंद झालं, नुसता सुईसारखा बारीक आवाज उरला. ती खाली पडली. त्यानं केसांना धरून तिला उभं केलं आणि टीव्हीपाशी नेलं, नीट बघ, बघ म्हणत, आणि तिचं तोंड त्या बॅगेवर आदळलं. एकदा. दुसऱ्यांदा. ओठ फाटला, तोंडात दाताचा तुकडा आला. तिसऱ्या वेळी तिनं मान वळवली, पाय घसरला आणि ती त्याच्या पकडीतून निसटली. त्याची मूठ आपल्याच जोरानं पडद्यात गेली.

बॅग विझली. त्यानं हात बाहेर ओढला तेव्हा मनगटाच्या आतल्या बाजूनं काच सरकत गेली होती. रक्त आधी दिसलं नाही, मग एकदम दिसलं. ते कोपरावरून फरशीवर पडत होतं. तो त्याकडे बघत खाली बसला, चेहरा पिठासारखा पांढरा.

"बांध," तो म्हणाला. "बघतेस काय, बांध."

आणि ती बांधू लागली. हे तिला पुढे कित्येक दिवस कळलं नाही, आपण का बांधलं ते. टॉवेल घेतला, मनगटावर गुंडाळला, मोडक्या बोटानिशी टोकं धरली. तिचं तोंड त्याच्या तोंडाच्या जवळ होतं. तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं, बसल्या बसल्या, तिच्या कानफटात मारली. जोर फारसा नव्हता. सवय होती.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघा त्याच्या छातीला लावला आणि गाठ ओढली, बटण ओढतात तशी, रुतेपर्यंत. तो असा ओरडला की खालच्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज आला. तिनं गाठ पक्की केली. रक्त थांबलं. तो कुशीवर पडून कण्हत होता.

सासू दारात उभी होती. बाहेर जायची वाट तिच्या अंगावरूनच होती. सुईण तिच्यासमोर येऊन थांबली. सासूनं आत मुलाकडे पाहिलं, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग आपला उतरता खांदा भिंतीला टेकवून ती बाजूला झाली, एक माणूस जाईल एवढीच. सुईण अनवाणी जिना उतरली. हातात काही नव्हतं.

ती तशीच मावशीच्या दारात पोचली आणि मावशी तिला दवाखान्यात घेऊन गेली. ओठाला टाके घालणाऱ्या नर्सनं वर न बघता विचारलं, पडलात का? सुईणीनं टाका पुरा होऊ दिला. मग सुजलेल्या तोंडानं, पण नीट ऐकू जाईल असं म्हणाली, नवऱ्यानं मारलं. नर्सनं तेव्हा वर पाहिलं आणि पोलिसांना बोलवायला कुणाला तरी पाठवलं.

नवरा एकदा कारखान्यावर आला. हाताला पांढरं बांधलेलं होतं. दारातच त्यानं मुकादमाची गचांडी धरून त्याला लाकडाच्या थप्पीवर ढकललं, माझी बायको बाहेर काढ म्हणून. मुकादमाचं कपाळ फुटलं. तेव्हा कापणाऱ्या, शिवणाऱ्या, ताणणाऱ्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मावशीनं फोम कापायची करवत बंदसुद्धा केली नाही. चालू करवत हातात धरून ती दोन पावलं पुढे आली. तो पोलीस येईपर्यंत दारात शिव्या देत राहिला, पण उंबरा ओलांडला नाही. मुकादम पट्टी बांधून कामावर आला तेव्हा कुणीतरी विचारलं, साहेब, पडलात काय? तो हसला नाही. सुईणीपाशी येऊन तो म्हणाला, मी आधीच विचारायला हवं होतं. ती म्हणाली, विचारत होतात की. खोटं मीच सांगत होते.

एका कानानं आता तिला कमी ऐकू येतं. तोंडावरचं निळं उतरायला मलम लागलंच. ते तिनं मावशीच्या फोनवर नवं खातं उघडून मागवलं आणि, पत्ता कुणाला कळू नये म्हणून, कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवायला सांगून तिथून जाऊन आणलं. नळी संपत आली तेव्हा यंत्रानं विचारलं, या वस्तूविषयी इतरांना काही सांगाल का?

इतरांना. ती त्या शब्दापाशी थांबली. तिच्या मागून येणाऱ्या आता कुठल्या वस्तूपर्यंत पोचल्या असतील, रंगापर्यंत की चष्म्यापर्यंत?

तिनं लिहिलं, मलमानं डाग जातो, मार जात नाही, निघा. थोड्या वेळानं उत्तर आलं, तुमचं मत वस्तूविषयी नसल्यामुळे दाखवता येत नाही.

ती चिडली. मावशी म्हणाली, "मग वस्तूविषयीच लिही ना. सोफा विकताना आत काय कोंबलंय ते आपण सांगतो का? वरून कापड दाखवतो. तसं चांगलंसं कापड चढव."

तिनं पुन्हा लिहिलं. खोडलं, परत लिहिलं. शेवटी असं झालं:

"डाग लवकर उतरतो. वास उग्र नाही. मी बरीच वर्षं वापरलं, पण घर बदलल्यापासून लागत नाही. ज्यांना वरचेवर लागतं त्यांनी घर बदलून पाहावं, मला गुण आला. बदलताना बॅग शोधत बसू नये, ती घरच्या मोठ्या पडद्यावर दिसते. दुपारची वेळ चांगली. हात मोकळे असले तरी चालतात."

तारे किती देणार, असं खाली विचारलं होतं. मावशी म्हणाली, देऊन टाक पाचही. तिनं चारच दिले. मलमाला पाचवा कशाला द्यायचा?

या वेळी यंत्रानं ते ठेवून घेतलं. त्याला त्यात मलम दिसलं.

काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मावशीनं फोन तिच्यापुढे धरला, काहीतरी आलंय बघ म्हणून. तिच्या मजकुराखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एका ग्राहकाला हे उपयोगी वाटलं. आत्ताच.

तिनं ते मावशीला वाचून दाखवलं. मग किती वाजले ते विचारलं. मावशी म्हणाली, दुपारचा एक. सुईणीनं सुई उचलली नाही. एक म्हणजे त्या बाईचा माणूस कामावर असण्याची वेळ होती, तो परतायला अजून बराच अवकाश होता.